थ्रस्टर सोडू नका, घड्याळ सोडा

पत्र :

ताई, नमस्कार. मी सांगलीची, वय ३७, बँकेत नोकरी. दोन मुलं, धाकटी अडीच वर्षांची, दोन्ही वेळा नॉर्मल डिलिव्हरी. वर्षभरापूर्वी जिम लावली. शनिवारच्या बॅचला सर फळ्यावर २१-१५-९ लिहितात, म्हणजे आधी २१ वेळा, मग १५, मग ९. रॉड खांद्यावर घेऊन खाली बसायचं आणि उठता उठता तोच रॉड डोक्यावर ढकलायचा, म्हणजे थ्रस्टर. मध्ये तेवढ्याच बर्पी, म्हणजे जमिनीवर पालथं पडून उठायचं आणि उडी मारायची. स्टॉपवॉच चालू असतं. रॉड सगळ्यांना तोच, २० किलोचा. पहिले दहा बरे जातात. नंतर मनगटं दुखतात, रॉड हनुवटीला लागेल अशी भीती वाटते आणि रविवारी कंबर धरते. सर म्हणतात, 'छाती वर, जोर लावा.' सासूबाई म्हणतात, बायकांनी असली वजनं उचलू नयेत, अंग बाहेर येतं. मला मात्र हाच व्यायाम सगळ्यात जास्त आवडतो. सोडावा का? पट्टा घेऊ का? बूट कुठले? आमच्या ह्यांना बीपीची गोळी चालू आहे, तेही बॅचला यायचं म्हणतात, आणू का? आणि लिहायला लाज वाटते, पण शेवटी शेवटी थोडी लघवी होते. ते जाऊ दे.

उत्तर :

ते जाऊ द्यायचं नाही. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे, म्हणून आधी तिचंच बोलू.

शिंकताना, उडी मारताना, वजन उचलताना लघवीचे थेंब सुटणं बाळंतपण झालेल्या बायकांमध्ये इतकं सर्रास आहे, की जिममध्ये काळ्या लेगिंग्ज एवढ्या का खपतात याचं ते एक कारण असावं, अशी मला दाट शंका आहे. सर्रास आहे म्हणून सोसत राहायचं असं नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक आडवा थर असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि आतड्याचा शेवटचा भाग यांना खालून आधार देण्याचं काम त्याचं. तुम्ही श्वास कोंडून रॉड ढकलता तेव्हा पोटातला दाब वाढतो आणि तो या थरावर येतो. बाळंतपणात हे स्नायू ताणले गेलेले असतात. ताजे असताना ते वेळेवर आवळतात, थकले की उशीर करतात. पहिल्या दहा वेळा काही होत नाही आणि शेवटी होतं, यातच निदानाचा निम्मा भाग आला.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. गॅस रोखताना आपण जे आवळतो ते स्नायू आत-वर ओढायचे, काही सेकंद धरायचे आणि मग पूर्ण सोडायचे. मांड्या, कुल्हे आवळायचे नाहीत, श्वास चालू ठेवायचा. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा आणि कमीत कमी तीन महिने, असं ब्रिटनमधल्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. तीन महिने हा शब्द नीट वाचा, कारण बहुतेक जणी दहाव्या दिवशी सोडून देतात. स्त्रियांच्या तक्रारींवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट सांगली-मिरजेत शोधलीत तर उत्तम; एकदा तरी कुणी तपासून, बरोबर तेच स्नायू आवळले जाताहेत ना, हे सांगितलेलं बरं. आणि बॅचच्या आधी पाणी पिणं बंद करत असाल तर ते थांबवा. त्यानं थेंब थांबत नाहीत, चक्कर मात्र येते.

सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या पिढीनं एकामागून एक बाळंतपणं आणि पाठोपाठ शेतातलं काम केलेल्या बायका पाहिल्यात. अंग बाहेर येण्याचा त्रास त्यांनी ऐकीव नव्हे, डोळ्यांनी पाहिलेला असतो. खाली जडपणा वाटत असेल, काहीतरी उतरल्यासारखं किंवा गोळा आल्यासारखं जाणवत असेल, तर रॉडला हात लावण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तसं काही नसेल तर वजन उचलायला बंदी नाही. २००० साली सिडनीत कर्णम मल्लेश्वरीनं ब्राँझ जिंकलं, ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री, आणि ते वजन उचलूनच. टोकियोत ४९ किलो गटात मीराबाई चानूनं ११५ किलो डोक्यावर धरले. त्याच सासूबाईंनी तरुणपणी भरलेला हंडा डोक्यावर वाहिला असेल, तर त्याचंही वजन पंधरा किलोंच्या वर जातं, हे प्रेमानं विचारून बघा. त्यांना एकच वचन द्या, की मी कुंथणार नाही. श्वास कोंडून, चेहरा लाल करून खाली जोर देणं, तेवढं थ्रस्टरमधून काढून टाकायचं आहे. कसं ते पुढे सांगते.

आता तुमच्या सरांचा फळा. २१-१५-९ हा आकडा अमेरिकेतल्या क्रॉसफिट या व्यायामपद्धतीतून आलेला. तिथे या प्रकाराचं नाव 'फ्रॅन'. मूळ रूपात थ्रस्टरबरोबर पुल-अप, म्हणजे दांडीला लटकून अंग वर ओढणं, असतात, बर्पी नव्हे. पुरुषांचा रॉड ९५ पाउंडांचा, म्हणजे सुमारे ४३ किलो, बायकांचा ६५ पाउंडांचा, म्हणजे साडेएकोणतीस. तयारीतली माणसं ते काही मिनिटांत उरकतात आणि जमिनीवर आडवी होतात. ही एक परीक्षा आहे. ज्याला थ्रस्टर झोपेतही नीट येतो त्याचा दम किती टिकतो, हे पाहायची. तुमच्याकडे ती शिकवणी म्हणून वापरली जातेय, इथेच सगळी गडबड आहे. दमलेलं शरीर नवं काही नीट शिकत नाही, सुटका कशी करून घ्यायची तेवढं शिकतं. एकूण ४५ वेळा थ्रस्टर. त्यातले पहिले दहा तुम्ही नीट करता आणि उरलेले ३५ चुकीचे घोटवता, असा हा हिशेब आहे. म्हणून माझं उत्तर : थ्रस्टर सोडू नका. पुढचे सहा-आठ आठवडे घड्याळ सोडा.

थ्रस्टर म्हणजे दोन व्यायाम जोडलेले. खालचा अर्धा फ्रंट स्क्वॅट, म्हणजे रॉड खांद्यांवर पुढे ठेवून खाली बसणं-उठणं. वरचा पुश प्रेस, म्हणजे गुडघे थोडे वाकवून पायांच्या जोरानं रॉड डोक्यावर ढकलणं. दोन्ही सुटे-सुटे येत असतील तरच जोड टिकते. तुमच्या तीनही तक्रारी, मनगट, हनुवटी आणि कंबर, मला या जोडाच्या आसपासच्या दिसतात.

मनगटापासून सुरू करू. रॉड हातात धरायचा नसतो, खांद्यावर ठेवायचा असतो. खांद्याच्या पुढच्या बाजूला जो गोल स्नायू आहे, त्यावर आणि गळ्याच्या जवळ. रिकाम्या रॉडनं एक करून बघा : रॉड खांद्यांवर टेकवा, दोन्ही हात सरळ पुढे लांबवा, रॉडला हात न लावता अर्धं खाली बसा आणि उठा. समोर मैत्रिणीला उभं करा, घसरला तर ती धरेल. रॉड राहिला, की कळतं, त्याचं घर कुठे आहे. आता तो जागचा न हलवता हात आणा, पकड खांद्यांपेक्षा किंचित बाहेर, कोपरं पुढे आणि वर. नुसत्या फ्रंट स्क्वॅटमध्ये दोन-दोन बोटं रॉडखाली असली तरी चालतं. थ्रस्टरमध्ये तोच रॉड लगेच ढकलायचा असल्यामुळे पकड जरा जास्त लागते, त्यामुळे कोपरं थोडी खाली येतात. ती रॉडच्या पुढे असली पाहिजेत, एवढी सवलत ठीक. कोपरं रॉडच्या सरळ खाली किंवा मागे गेली, की सगळं वजन मागे वळलेल्या मनगटावर येतं. दहाव्या थ्रस्टरनंतर तुमचं हेच होत असणार, पैज लावायला तयार आहे.

कोपरं वर जातच नसतील तर जोर लावून उपयोग नाही, दंडाची मागची बाजू, बगलेखालचे स्नायू आणि पाठीचा वरचा भाग आखडलेला असतो. दिवसभर काउंटरवर पुढे झुकून बसणाऱ्या माणसाचं ते होणारच. घरी पलंगासमोर गुडघ्यांवर बसा, दोन्ही हातांत लाटणं धरून कोपरं पलंगाच्या कडेवर टेकवा, हात डोक्यामागे दुमडा आणि छाती हळूहळू खाली सोडा. दोन मिनिटं. मनगटांसाठी स्वयंपाकघराचा ओटा आहेच, तळवे टेकवून हळूच पुढे झुकायचं, चहा उकळेपर्यंत.

रॉडबद्दलही एक शंका आहे. चांगल्या ऑलिंपिक रॉडची टोकं, जिथे प्लेट बसतात ती, स्वतंत्र फिरतात. रॉड खांद्यावरून हातात येताना थोडा वळतो, तेव्हा प्लेट त्याच्याबरोबर वळत नाहीत आणि मनगट वाचतं. आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये जुना, एकसंध, आट्यांचा रॉड असतो. त्याचं टोक फिरत नाही, प्लेटसकट सगळं वळवावं लागतं, आणि ते काम मनगट करतं. शिवाय पुरुषांचा प्रमाण रॉड २० किलोचा आणि २८ मिलिमीटर जाड, बायकांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाड असतो. तुमच्या जिममध्ये बायकांचा रॉड नसेल तर छोटा रॉड घ्या, पण आधी तो वजनकाट्यावर टाका. छोट्या रॉडचं वजन कुणालाच ठाऊक नसतं, प्रत्येक जण वेगळा आकडा ठोकून देतो.

आता कंबर. यावर थोडं थांबते, कारण 'छाती वर, जोर लावा' या सल्ल्यानं कंबर बिघडते.

एक चाचणी करा. भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. कंबर आणि खालच्या बरगड्या भिंतीला चिकटवा. आता दोन्ही हात सरळ ठेवून वर न्या आणि अंगठे भिंतीला लावायचा प्रयत्न करा. कंबर न सुटता अंगठे लागले तर छान. नाही लागले तर समजा, की खांदे आणि पाठीचा वरचा भाग पुरेसा उघडत नाही. मग रॉड डोक्यावर नेताना जे अंतर खांदे देत नाहीत, ते शरीर कंबरेकडून उसनं घेतं. बरगड्या पुढे फुगतात, कंबरेला खोलगट बाक येतो आणि वरून २० किलो. असं एकदा झालं तर काही बिघडत नाही. तीस वेळा झालं, की रविवारी उसनवारीची वसुली होते. अशा वेळी 'छाती वर' सांगितलं, की बाक आणखी वाढतो. खाली बसताना छाती वर ठेवा. डोक्यावर ढकलताना मात्र उलट : खालच्या बरगड्या खाली, पोट घट्ट, कुल्हे आवळलेले.

माणसाचं शरीर ही पळवाट किती सहज शोधतं, याला मोठा पुरावा आहे. ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्ये १९७२पर्यंत तीन प्रकार असत. त्यातला एक, उभं राहून केवळ हातांनी वजन डोक्यावर नेण्याचा, प्रेस. जगातले सर्वांत ताकदवान पुरुष तो करताना इतके मागे वाकायला लागले, की नियमात बसतं कुठलं आणि नाही कुठलं हे पंचांना ठरवता येईना. म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकार रद्दच केला. तेव्हा तुम्ही वाकता म्हणून स्वतःला दोष देऊ नका, फक्त वाकणं सुरू होण्याआधी रॉड खाली ठेवा.

वाकण्याचं दुसरं कारण घाई. थ्रस्टरमध्ये रॉड वर उडवतात ते पाय. खालून जोरात उठायचं, गुडघे आणि कंबर जवळजवळ सरळ होईपर्यंत रॉड खांद्यावरच ठेवायचा. पाय सरळ होताना रॉड स्वतःहून खांद्यावरून सुटतो, हलका होतो, आणि तेव्हा हातांनी तो आणखी वर न्यायचा. दमलं की आपण अर्ध्यातच, अजून बसलेल्या अवस्थेत हात ढकलायला लागतो. मग पायांचा जोर वाया जातो, रॉड चेहऱ्यासमोरून पुढे जातो, आणि त्याला परत डोक्यावर आणायला कंबर मागे वाकते. हनुवटीची भीतीही इथलीच. रॉड सरळ रेषेत वर जायला हवा आणि वाटेत तुमचं डोकं आहे. रॉडनं डोक्याला वळसा घालायचा नाही, डोक्यानं वाट द्यायची : रॉड सुटताच हनुवटी किंचित मागे घ्या, मान वर करून छताकडे बघू नका, आणि रॉड कपाळाच्या वर गेला की डोकं पुन्हा दोन्ही हातांच्या मध्ये आणा. शेवटी रॉड पावलांच्या मध्यावर, हात सरळ, कोपरं घट्ट. बाजूनं मोबाइलवर व्हिडिओ घेतलात तर हे सगळं दिसतं. आरशात दिसत नाही, आणि आरशात बघायला मान वळवणं या व्यायामात धोक्याचं.

कोपराचं म्हणाल तर सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तुमच्याच संकेत सरगरनं ५५ किलो गटात रौप्य मिळवलं, दोन्ही प्रकार मिळून २४८ किलो, सुवर्ण फक्त एका किलोनं हुकलं. दुसऱ्या प्रकारात १३५ किलो उचलून झाल्यावर, १३९च्या प्रयत्नात त्याचं उजवं कोपर दुखावलं. तो त्या पातळीचा खेळाडू, पदकासाठी जोखीम घेणं त्याचं कामच होतं. शनिवारच्या बॅचमध्ये तुम्हाला कुणी पदक देणार नाही.

रॉड वर नेण्यापेक्षा खाली आणताना जास्त चुका होतात आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. डोक्यावरून रॉड खांद्यावर आदळू द्यायचा नाही. तो जवळून खाली आणा, खांद्याला लागायच्या क्षणी गुडघे किंचित वाकवून झेला, कोपरं पुन्हा पुढे न्या. आणि थांबा. ज्यांना वेळ मोजायचा असतो ते इथे न थांबता सरळ खाली बसतात, त्यामुळे सेकंद वाचतात. तुम्हाला सेकंद वाचवायचे नाहीत. त्या थांब्यात श्वास घ्या, ओटीपोटाचे स्नायू हलकेच वर ओढा, पोट घट्ट करा, मग खाली बसा. उठताना आणि ढकलताना तोंडानं श्वास सोडत जा, मेणबत्ती विझवतो तसा. सासूबाईंना दिलेलं वचन ते हेच. जड वजनाला श्वास कोंडावा लागतो हे खरं, पण १५-२० किलोंच्या थ्रस्टरला त्याची गरज नाही.

खाली बसण्याबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही बहुधा ते बरं करता. उकिडवं बसायची सवय असलेल्या माणसाला खोल बसणं जड जात नाही. तालमीतल्या बैठकांची सवय मात्र इथे आडवी येते. बैठक मारताना टाचा उचलल्या जातात, आणि तिथे ते बरोबर आहे. थ्रस्टरमध्ये वजन पुढे असतं, टाच उचलली की तोल बोटांवर जातो आणि रॉड तुम्हाला पुढे ओढतो. भिंतीसमोर पाऊल ठेवा, अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का पाहा. लागला तर घोटा ठीक आहे. गुडघे पावलांच्या बोटांच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत, असं सर सांगत असतील तर त्यांना नम्रपणे हसून उत्तर द्या. रॉड पुढे असताना गुडघे थोडे पुढे जाणारच, निरोगी गुडघ्यांना त्याचं काही वाटत नाही. ते आत वळू नयेत, एवढं बघा.

मग सहा-आठ आठवडे काय करायचं? आठवड्यातून एक दिवस फ्रंट स्क्वॅट, दुसऱ्या दिवशी पुश प्रेस, पाच-पाचचे तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. रॅकमधून, म्हणजे रॉड टेकवायच्या उभ्या लोखंडी चौकटीतून, रॉड घ्या, रॅकचे खिळे बगलेच्या उंचीला लावा म्हणजे टाचा उंचावून रॉड काढावा लागणार नाही. जमिनीवरून उचलू नका. प्रमाण प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो म्हणून रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. अडीच किलोच्या छोट्या लोखंडी प्लेट लावल्या की तो पार खाली जातो, आणि वाकताना पुन्हा कंबरच राबते. दोन्ही प्रकार रिकाम्या २० किलोच्या रॉडनं पाच वेळा, शेवटचा पहिल्यासारखाच दिसेल असे जमायला लागले, की मग थ्रस्टर घ्या. दहा-बारा किलोंपासून, पाच-पाचचे तीन सेट, प्रत्येक वेळी खांद्यावर थांबून. वजन किती वाढवायचं हे पाय ठरवत नाहीत. तुमचे पाय ४० किलो पेलतील, पण खांदे जेवढं नीट वर नेतील तेवढंच तुमचं थ्रस्टरचं वजन. मनगटं ऐकतच नसतील तर पाच-पाच किलोचे डंबेल घ्या, तळवे समोरासमोर. तोच व्यायाम, मनगट सरळ राहतं, हनुवटीसमोरून काही जात नाही. काही जणींनी कायमचं डंबेलवरच राहिलेलं चांगलं, त्यात कमीपणा नाही.

सेट कधी थांबवायचा? टाच उठली, कोपरं पडली, कंबरेला बाक आला किंवा थेंब सुटला, यातलं काहीही एक झालं की तो शेवटचा. फळ्यावर काहीही लिहिलेलं असो.

आणि रॉड जाईना तर? वर नेता आला नाही तर तो खांद्यावर परत घ्या, संपलं. खाली बसल्यावर उठता आलं नाही तर कोपरं सोडा, रॉड पुढे पडू द्या आणि स्वतः मागे सरका. पण हे रबरी प्लेट आणि रबरी फरशी असेल तरच. छोट्या लोखंडी प्लेट लावलेला रॉड पुढे सोडला तर तो मांडीवर येतो. टाइल्सची फरशी असलेल्या जिममध्ये लोक मालकाच्या फरशीची काळजी करत वजन धरून ठेवतात आणि स्वतःचं मनगट मोडून घेतात, हा प्रकार मला कधीच समजला नाही. तसं असेल तर रॅकच्या आडव्या दांड्यांच्या आत करा. मागून धरायला कुणी उभं राहू नये, थ्रस्टरमध्ये तो माणूसही सापडतो. दोन्ही बाजूंना प्लेट अडवणारे लॉक लावाच, एक प्लेट सरकली की रॉड फिरतो. आणि वर बघा : पोटमाळ्यावर थाटलेल्या जिममध्ये पंखा कुठे आहे ते रॉड वर नेण्याआधी पाहिलेलं बरं.

सरांशी बॅच सुरू असताना बोलू नका, चार लोकांसमोर त्यांना माघार घेता येणार नाही. शुक्रवारी जा. 'सर, डिलिव्हरीनंतर मला थोडा त्रास आहे, दोन महिने मी छोट्या रॉडनं, वेळ न लावता करणार,' एवढं पुरे, तपशील द्यायची गरज नाही. चांगला ट्रेनर लगेच मान्य करतो. ज्याला मान्य होत नाही त्याची फी पुढच्या महिन्यापासून वाचवा.

मोठी सुट्टी घेऊन परतल्यावर, विशेषतः एप्रिल-मेच्या उकाड्यात, एकदम ४५चा हिशेब पुरा करायला जाऊ नका. स्नायू फार तुटले तर त्यातली द्रव्यं रक्तातून मूत्रपिंडात जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग प्रमाणाबाहेर दुखत-सुजत असेल आणि लघवी काळपट-तपकिरी होत असेल तर ती नेहमीची व्यायामदुखी नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तुमची रविवारची कंबरही पायात कळ उतरवायला लागली, मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर व्यायाम थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

पट्टा नको. तो पोटातला दाब वाढवायलाच असतो आणि तुमची तक्रार नेमकी त्या दाबाची आहे. हातमोजेही नकोत, रॉड आणखी जाड होतो. पळायचे मऊ, उसळणारे बूट थ्रस्टरला वाईट, टाच दबते आणि तोल डुलतो. सपाट, कडक तळाचे कुठलेही चालतील, शाळेतल्या पीटीच्या कॅनव्हास बुटांसारखे. वेटलिफ्टिंगचे उंच टाचेचे बूट छान असतात, पण वर्षभर हे टिकलं तर घ्या.

राहिले तुमचे हे. १९८५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात पाच सरावलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या रोहिणीत नळी घालून, जड वजन ढकलताना रक्तदाब किती चढतो ते मोजलं होतं. दोन्ही पायांनी वजन रेटताना सरासरी आकडा ३२०/२५० आला. तो काही क्षणांपुरता असतो आणि निरोगी माणूस तो सोसतो, पण आधीच गोळी चालू असलेल्यानं श्वास कोंडून, घड्याळाच्या धाकानं वजन डोक्यावर नेणं हा पहिला व्यायाम नव्हे. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून ते आकडे डॉक्टरांना दाखवा, आणि 'जिम लावू का' असं न विचारता 'वजन डोक्यावर उचलू का' असं विचारा, दोन्हीची उत्तरं वेगळी येतात. हो म्हणाले तर त्यांना आणा, पण शनिवारी नको. मंगळवारी, तुमच्याबरोबर, हलक्या डंबेलवर.